विहीणबाईंचं खोगीर

कुन्सुलूने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाला बसेल असं शिवलं होतं. शाळेचे गणवेश, नवऱ्या मुलींचे झगे, एका पैलवानाचा कोट, ज्याच्या मानेचं माप घ्यायला तिला स्टुलावर चढावं लागलं होतं. किझिलोर्द्याच्या बाजारामागच्या गल्लीत तिचं मशीन बावीस वर्षं खडखडत होतं. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःच्या झोपेसाठी काहीतरी शिवावं लागलं.

गेलं वर्षभर तिच्या पाळीने ताळतंत्र सोडलं होतं. कधी दोन दोन महिने पत्ता नाही, कधी तिसऱ्याच आठवड्यात दारात हजर. दिवसा कसंबसं निभायचं. बाई दिवसा उभी असते, चालती असते, तासाला उठून बघू शकते. रात्री मात्र अंग सैल पडलं की सगळं धरण फुटायचं. दुकानात मिळणारे सगळ्यात मोठे पॅड ती एकावर एक दोन लावायची, तरी पहाटे चादर, गादी, कधी नवऱ्याचा लेंगासुद्धा. तुर्सिन बिचारा भला माणूस, पाठ वळवून झोपेचं सोंग घ्यायचा आणि ती मोरीत थंड पाण्याखाली चादर चोळत बसायची. मोबाइलवर दर दोन तासांनी गजर. वर्षभर तिला सलग झोप ठाऊक नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"एवढ्याशा रक्तावर तुम्ही चालत आलात?"

"बसने आले," कुन्सुलू म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "या वयात असं होतं. पण होतं म्हणून सोसायचं नसतं, कळलं? पुढच्या महिन्यात सोनोग्राफी, मग पुढचं ठरवू." त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या दिवसांत रक्त आवरणाऱ्या वेगळ्या गोळ्या दिल्या, कलेजी खा म्हणाल्या आणि शेवटी म्हणाल्या, "लोहाची गोळी चहाबरोबर नको. चहाच्या आधी दोन तास, नंतर दोन तास." हे ऐकून मात्र कुन्सुलूला खरी काळजी लागली. आपल्या लोकांत दोन चहांच्या मध्ये चार तास असतात कुठे. शेवटी तिने पहाटे उठून गोळी घ्यायचं ठरवलं. तशीही ती जागीच असायची.

आणि मग तिने ते शिवलं. वर जुन्या फ्लॅनेलच्या लेंग्यांचा मऊ थर, मध्ये टॉवेल, त्याखाली लोकरीचा पातळ नमदा आणि सगळ्यात खाली मोडक्या छत्र्यांचं कापड, पाणी आरपार जाऊ न देणारं. कडेने गोट. कमरेपासून गुडघ्यापर्यंत येईल एवढं लांब. तयार झाल्यावर तिने ते हातावर तोललं आणि तिला आजोबांच्या घोड्याच्या पाठीवर जीनाखाली घालायचं खोगीर आठवलं. म्हणून तेच नाव पडलं. नाव ठाऊक असलेली ती एकटीच होती, कारण तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ना लेकीला, ना जावेला.

खोगीर कामाचं होतं. रक्त सगळं पिऊन घ्यायचं, खाली थेंब जाऊ द्यायचं नाही. खोट एकच. ते जागेवर राहायचं नाही. छत्रीचं कापड बुळबुळीत, कुन्सुलू कुशीवर वळली की खोगीर एकीकडे आणि ती दुसरीकडे. तिने कडेला नाड्या लावून पाहिल्या, त्या मांडीला गुंडाळल्या गेल्या. पिना लावल्या, त्या टोचल्या. मोठमोठ्या पैलवानांना कपडे बसवणारी बाई एका चौकोनी तुकड्यापुढे हरली होती.

अशात व्याह्यांचं बोलावणं आलं.

लेकीचं, अकबोताचं, लग्न वसंतात झालं होतं. तिची सासू ऊलबोसिन ही सिरदर्येच्या काठच्या गावातल्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. उंच, सरळ पाठीची, बोलली तर मोजकं, आणि न बोलता सगळं बघणारी. भात कापून झालं की व्याह्यांना पहिल्यांदा रीतसर घरी बोलवायचं, दोन रात्री ठेवून घ्यायचं, हा रिवाज. तारीख आधीच ठरलेली. आणि निघायच्या दिवशी सकाळी कुन्सुलूची पाळी सुरू झाली. जणू तिलाही बोलावणं होतं.

न जाण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या बोलावण्याला विहीण आली नाही तर लेकीला सहा महिने टोमणे. आणि गेलो, आणि तिथल्या बिछान्यावर डाग पडला तर? व्याह्यांसाठी घरातली सगळ्यात चांगली गादी काढतात, पांढरी, वर्षानुवर्षं जपलेली. त्यावर अकबोताच्या आईने डाग पाडला ही गोष्ट त्या गावात अकबोताच्या नातवंडांपर्यंत पोचली असती. लेक अजून त्या घरात नवीन होती, खाली बघून चहा ओतत होती. कुन्सुलूने दोन खोगीरं गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली, वर मिठाई ठेवली आणि मोटारीत बसली.

मोटारीत तुर्सिन पुढे, मागे ती आणि थोरली जाऊ ओरिन्शा. ओरिन्शा साठीची, गोल, आनंदी, आणि झोपेला पक्की.

"तोंड का असं?" ओरिन्शाने विचारलं. "व्याह्यांकडे चाललीस की दातांच्या डॉक्टरकडे?"

"झोप नाही झाली, जाऊबाई."

"मग आज होईल. मस्त मऊ गादी, पोट भरलेलं. फक्त तिथल्या सुनांपासून जपून हं. मी माझ्या लेकीच्या सासरी गेले होते तेव्हा त्या भवान्यांनी माझा झगा रात्री गादीला शिवून टाकला. सकाळी उठते तर गादीसकट उभी. तीन ओढण्या दिल्या तेव्हा सोडलं."

व्याह्यांची थट्टा करायची, त्यांच्या तोंडाला दही फासायचं, झोपेत त्यांना शिवून टाकायचं, हे कुन्सुलूला काही नवीन नव्हतं. पोरवयात तिनेच किती जणांना शिवलं होतं. रागवायचं नाही, हसायचं आणि सुटकेची भेट द्यायची. पण शिवलेल्या विहिणीला सोडवायला दिवे लागतात, सगळ्या बायका गोळा होतात आणि पांघरूण ओढलं जातं. त्या पांघरुणाखाली काय निघेल हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

व्याह्यांनी उणं ठेवलं नाही. दारातच मेंढीच्या शेपटाची चरबी आणि कलेजी आली. ती व्याह्यांच्या तोंडात हाताने कोंबायची आणि वर गालांना दही फासायचं. थोरली सून शोल्पान, तिशीची, खट्याळ डोळ्यांची, पुढे आली आणि तिने भला मोठा घास कुन्सुलूच्या तोंडात घातला. पाहुणे अशा वेळी तोंड चुकवतात, खोकतात, हात जोडतात. कुन्सुलूने घास गिळला.

"कलेजी अजून आहे?" तिने विचारलं.

सगळं घर थांबलं. शोल्पानने दुसरा घास दिला, तिने तोही खाल्ला. तिसरा तिने स्वतःच ताटातून उचलला. "असली विहीण बघितली नव्हती," शोल्पान हसत म्हणाली आणि दही फासायचं विसरूनच गेली. ऊलबोसिन मात्र हसली नाही, नुसती बघत राहिली. अकबोता कोपऱ्यात लाल झाली होती. आईला झालंय काय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

जेवणानंतर कुन्सुलूने ताटातली हाडं गोळा केली आणि अंगणात जाऊन कुत्र्याला घातली. संडास अंगणापलीकडे होता आणि कुत्रा वासराएवढा. रात्री त्याने गाव जागं करू नये म्हणून ही लाच. कुत्र्याने ती राजीखुशीने घेतली.

मग बिछाने पडले. बायकांचे एका मोठ्या खोलीत, जमिनीवर ओळीने. आणि कुन्सुलूची जागा अर्थातच मानाची, दारापासून सगळ्यात लांब, पार पलीकडच्या भिंतीला लागून. दाराजवळ घरच्या सुना झोपणार, शोल्पान आणि तिची चुलत जाऊ गाउहार. म्हणजे रात्री बाहेर जायचं तर सगळ्यांना ओलांडून.

"मी दाराजवळ झोपते की," कुन्सुलू सहज बोलल्यासारखं म्हणाली. "मला भिंतीचं उकडतं."

दाराजवळ तर घरातली धाकटी माणसं झोपतात. ऊलबोसिनने उशी हातातून खाली ठेवली.

"विहीणबाई, आमच्या घरात काही कमी पडलं का?"

"नाही हो, तसं काही नाही."

"मग वर, मानाच्या जागी चला."

ओरिन्शाने तिला कोपराने ढोसलं. अकबोताने मान खाली घातली. कुन्सुलू मुकाट्याने वर गेली.

गादी होती पांढऱ्या साटिनची, आत उंटाची लोकर. ऊलबोसिनच्या आईने शिवलेली, व्याह्यांशिवाय कुणासाठी न काढलेली. कुन्सुलूने तिच्यावरून हात फिरवला. हे काम ती मेल्यावरही करेल, शिवण दिसली की बोटं आपोआप जातात. कडेच्या पट्ट्यांवरचे टाके बारीक, डावीकडे कललेले. मधल्या पट्ट्याचे सरळ, ओढून घेतलेले. कापडही मधलं थोडं नवीन. हात दोन होते. मधला पट्टा नंतर कुणीतरी बदललेला होता. उंदीर लागला असेल, तिने मनात म्हटलं आणि विषय सोडून दिला.

दिवा गेल्यावर तिने पांघरुणाखाली खोगीर पसरलं, दोन पॅड ठीक केले, रक्त आवरणारी गोळी गिळली आणि गजर नुसता थरथरेल असा लावून मोबाइल उशीखाली ठेवला. झोपायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. पण कलेजी, दीड तासाचा खडबडीत रस्ता, वर्षभराचा थकवा, आणि शेजारी ओरिन्शाचं एकसुरी घोरणं. ती झोपली, आणि मोबाइल उशीखाली थरथरून दमला तरी तिला कळलं नाही.

जाग आली ती त्या ओळखीच्या ऊबेने. मांड्यांखाली ओल, भरपूर. ती झटकन उठायला गेली आणि जागेवरून हलली नाही.

झगा दोन्ही बाजूंनी ओढला गेला. तिने हात खाली नेला. टाके. खांद्यापासून घोट्यापर्यंत, डावीकडे आणि उजवीकडेही. शिवलं होतं भवान्यांनी.

हाक मारली तर दिवे. दिवे लागले तर पांघरूण. नाही मारली तर अजून थोड्या वेळात खोगिराबाहेर, साटिनवर. इथेही ती कुशीवर वळलेली असणार, नेहमीसारखी. खोगीर कधीच सरकलेलं असणार. तिला वाटलं, आत्ताच सगळं संपलेलं असेल आणि आपल्याला फक्त उजाडायची वाट बघायची आहे. डोळ्यांत पाणी आलं. अकबोता चहा ओतताना उद्या कुणाच्या तोंडाकडे बघेल?

मग तिचा हात गळ्याशी गेला. झग्याच्या आतून, दृष्ट लागू नये म्हणून आईने लावायला शिकवलेली आणि तेव्हापासून प्रत्येक झग्याला लावत आलेली सेफ्टी पिन तिथे होती.

तिने ती उघडली आणि अंधारात टाके चाचपायला लागली. आणि इथे रडणारी बाई मागे पडली आणि शिंपीण पुढे आली. टाका लांब. दुहेरी दोरा. घाईघाईचा. मागे न वळलेला. हा साधा धावदोरा होता. उलटी टीप घातली असती तर एकेक टाका कापत बसावं लागलं असतं. पण धावदोऱ्याला गाठ एकच, सुरुवातीला. ती सापडली की झालं. शोल्पानबाई, तुला शिवता येत नाही, कुन्सुलूने मनात म्हटलं, आणि देव तुझं भलं करो. गाठ खांद्याशी सापडली. पिनेच्या टोकाने तिने ती वर काढली, दाताने तोडली आणि कमरेपाशी हात घालून दोरा हळूच ओढला. तो आवाजही न करता सबंध निघून आला. मग दुसरी बाजू.

सुटल्यावर तिने जीव मुठीत धरून खाली हात घातला. खोगीर हवं तिथेच होतं. मधोमध, सपाट, चारही कोपरे जागेवर. तिला काही कळेना. तिने कडेवरून बोट फिरवलं आणि कळलं. पोरींनी झगा शिवताना त्याच टाक्यात खोगिराची कडही धरली होती. झगा, खोगीर, गादी, तिन्ही एकत्र. अंधारात त्यांना कसली कड लागली हे कळलंच नसणार. ती रात्रभर वळायला गेली असेल, तळमळली असेल, पण खोगीर तसूभर हललं नव्हतं. तिने त्याची कड उचलून खाली साटिनवर तळवा टेकवला.

कोरडं. पूर्ण कोरडं.

खोगिराला तंग लागतो, पोटाखालून आवळायचा पट्टा, तिला वाटलं. घोड्यावरचं खोगीर तरी तंगाशिवाय कुठे टिकतं. आजोबांच्या शेजारी उभं राहून शंभरदा तंग आवळलेला बघितला होता आणि इतके दिवस ही साधी गोष्ट सुचली नाही. तिने ओढणी तोंडात कोंबली, कारण हसू आवरेना.

मग तिने अंधारातच, पांघरूण अंगावर धरून, झगा बदलला, भिजलेलं खोगीर घडी करून पिशवीत घातलं आणि ओरिन्शाला, शोल्पानला, गाउहारला ओलांडून बाहेर आली. कुत्र्याने मान वर केली, ओळखलं आणि परत खाली ठेवली. न्हाणीघराच्या मागे हौदाचं पाणी बर्फासारखं होतं. त्याच पाण्याने तिने स्वतःला धुतलं, खोगीर आणि झगा धुऊन, पिळून परत पिशवीत भरले. बोटं बधिर झाली होती, पण ती मजेत होती. वर तारे होते. गेल्या वर्षभरात रात्री उठून तिला कधीच असं वाटलं नव्हतं.

परत आली तेव्हा दाराच्या पडद्याला टोचलेली सुई तिच्या हाताला लागली. दोरा अजून ओवलेलाच होता, रिळासकट. पोरी काम संपल्यावर जिथे होत्या तिथेच आडव्या झाल्या होत्या. कुन्सुलूने दुसरं खोगीर पसरलं आणि त्यांच्याच दोऱ्याने, लांब लांब धावदोऱ्याने, चारी बाजूंनी गादीला टाचलं. पांढरा दोरा, पांढरं साटिन, सकाळी एका झटक्यात निघेल असा.

दोरा उरला होता. ती दाराकडे बघत राहिली. शोल्पान आणि गाउहार एकाच पांघरुणात, गळ्यात गळा घालून झोपल्या होत्या.

कुन्सुलूने त्यांना उलटी टीप घातली. बारीक, घट्ट, प्रत्येक टाका मागे वळून, पैलवानाच्या कोटाला घालतात तशी. शोल्पानचा झगा गादीला, गादी गाउहारच्या झग्याला, आणि दोघींच्या बाह्या एकमेकींना. मग ती जाऊन झोपली आणि या वेळी गजर लावला नाही.

सकाळी ऊलबोसिन चहाची किटली घेऊन आत आली तेव्हा कुन्सुलू तोंड धुऊन, डोक्याला रुमाल बांधून, मानाच्या जागी ताठ बसलेली होती. गोळी केव्हाच घेऊन झाली होती. दाराजवळ मात्र गडबड चालली होती.

"ए, उठ ना माझ्या अंगावरून."

"तूच उठ. माझी बाही सोड आधी."

"मी कुठे धरलीय तुझी बाही?"

ओरिन्शा उठून बसली, तिने पाहिलं आणि हसत हसत परत आडवी झाली. अकबोता भाकरीचं ताट घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. शोल्पानने टाका तोडून पाहिला, ओढून पाहिला, दाताने चावून पाहिला. तो काही हलेना. शेवटी तिने मान वळवून कुन्सुलूकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही सुटलात कधी?"

"मला कुणी बांधलं होतं का?" कुन्सुलूने चहाची वाटी पुढे केली. "ओत गं, अकबोता. दूध जरा जास्त."

तेव्हा ऊलबोसिन पहिल्यांदा हसली. तोंडाने नाही, खांद्यांनी. सरळ पाठीची ती बाई भिंतीला टेकली आणि तिचे खांदे हलत राहिले. "बोला, विहीणबाई," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या सुना तुमच्या कैदेत आहेत. सुटकेचं काय घेणार? ओढण्या? मेंढा? आमच्याकडून शिवले गेलेले पाहुणे पुष्कळ बघितले, पाहुणीने घर शिवलेलं आजच बघतेय."

कुन्सुलूने वाटी खाली ठेवली. ओढणी मागितली असती तर गंमत तिथेच सुरेख संपली असती. पण अजून एक रात्र बाकी होती. आणि वर्षभर लपवून लपवून तिला त्या लपवण्याचाच कंटाळा आला होता, रक्तापेक्षा जास्त.

"मला आज रात्री दाराजवळची जागा पाहिजे," ती म्हणाली.

हसू थांबलं. ऊलबोसिनचं तोंड परत मुख्याध्यापिकेचं झालं. "कालही तुम्ही हेच म्हणालात. आमच्या घरी व्याही दाराशी झोपला असं उद्या गावभर होईल. का ते तरी सांगा."

पुरुषमाणसं बाहेर घोडे बघायला गेली होती. कुन्सुलूने लेकीकडे पाहिलं आणि मग सरळ विहिणीकडे.

"मला रात्री रक्त फार जातं, विहीणबाई. या वयात जातं तसंच, पण फार. एका रात्रीत दोनतीनदा उठावं लागतं, तुमच्या या भिंतीपासून त्या दारापर्यंत सगळ्यांना तुडवत. काल मी ठरवलं होतं की तुमच्या आईच्या गादीवर थेंब पडू द्यायचा नाही. नाही पडू दिला. बघा पाहिजे तर." आणि तिने पांघरूण स्वतःच दूर केलं.

खोगीर दिसलं, चारी बाजूंनी टाचलेलं. कुन्सुलूने गाठ काढून दोरा ओढला, तो सळसळत निघाला, आणि खोगीर उचललं. खाली साटिन पांढरं होतं.

"आई," अकबोता हळूच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगतेय ना आता."

ऊलबोसिन गुडघ्यांवर बसली. तिने खोगीर हातात घेतलं, थर चिमटीत धरून तपासले, छत्रीचं कापड नखाने खरवडलं. मग तिने गादीच्या मधल्या पट्ट्यावर तळवा ठेवला.

"हा पट्टा माझ्या आईचा नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," कुन्सुलू म्हणाली. "टाका सरळ आहे. मला वाटलं उंदीर लागला."

"उंदीर कसला. मीच होते. आठ वर्षं झाली. पाहुण्यांना घालायच्या आधी म्हणून एक रात्र मी स्वतः यावर झोपले, आईची आठवण आली होती म्हणून. सकाळी बघते तर..." तिने हात हवेत फिरवला. "पट्टा फाडून जाळला, दुसरा लावला, कुणाला कळू दिलं नाही. त्यानंतर दोन वर्षं, ते थांबेपर्यंत, मी त्या दिवसांत खुर्चीत बसून झोपायची. शाळेत पोरांना म्हणायची, पाठ सरळ ठेवा. माझी तर दुखून दुखून सरळ झाली होती." ती कुन्सुलूकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत राग होता, पण तो कुन्सुलूवर नव्हता. "यासाठी काही शिवता येतं हे मला कुणी सांगितलं नाही हो. मुख्याध्यापिका होते मी, आणि मला कुणी सांगितलं नाही."

कुन्सुलूने तिचा हात धरला. दोघी विहिणी त्या पांढऱ्या गादीवर हात हातात घेऊन बसल्या.

"अहो, कुणीतरी कात्री आणा," दाराकडून गाउहार म्हणाली. "आम्हाला पण रडायचंय आणि डोळे पुसायला बाही मोकळी नाही."

त्या दिवशी ऊलबोसिनने स्वतःच पिशवीतून ते धुतलेलं खोगीर काढलं आणि अंगणात, पुढच्या तारेवर, उन्हात वाळत घातलं. कुन्सुलू मागच्या बाजूला घालू म्हणाली. "मागे ऊन येत नाही," एवढंच ऊलबोसिन म्हणाली. रात्री तिने बिछान्यांची ओळच फिरवली. दाराजवळ पांढरी गादी, तिच्या शेजारी स्वतःची, आणि पार वर, मानाच्या भिंतीला, दोन्ही सुना. "आज आमच्या घराची मानाची जागा दारात आहे," तिने जाहीर केलं. "ज्याला पटत नाही त्याने कुत्र्याजवळ झोपावं."

शोल्पानने खोगीर गादीला टाचायचं काम मागून घेतलं. तिचा टाका लांब आणि वाकडा होता, आणि कुन्सुलूने तो तसाच ठेवला. रात्री एकदा उठायला लागलं. दोन पावलांवर दार होतं. आली आणि परत झोपली. नंतर जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं, किटली वाजत होती आणि तिला आपण कुठे आहोत हे क्षणभर आठवेना, इतकी ती झोपली होती. तिने दोरा ओढला. साटिन पांढरं.

निघताना मोटारीच्या डिकीत एक मेंढी, दोन ओढण्या आणि तांदळाची गोणी कशी बसवायची यावर तुर्सिन आणि व्याही भांडत होते. ऊलबोसिन कुन्सुलूला मोटारीपर्यंत सोडायला आली.

"सोनोग्राफी कधी आहे?"

"मंगळवारी."

"मी येते शहरात. तुम्ही एकट्या जायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि पाच शिवून ठेवा. शाळेत माझ्या जागी आलेल्या बाई आहेत, त्या हल्ली तास घेताना सारख्या खुर्ची पुसतात. मी इतके दिवस बघून न बघितल्यासारखं करत होते."

तेवढ्यात कुंपणापलीकडची शेजारीण मान वर करून तारेकडे बोट दाखवू लागली. तिथे दुसरं खोगीर उन्हात वाळत होतं, चारी कडांना गोट, भरभक्कम.

"ऊलबोसिन, ते काय गं? घोड्याचं का?"

"माझ्या विहिणीचं," ऊलबोसिन मोठ्याने म्हणाली, अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्याने. "इकडे ये, तुलाही लागेल. आणि येताना मोडक्या छत्र्या घेऊन ये."